नागौरची आंघोळ

सिंहस्थ पाहिलेल्या माणसाला तंबूचं काय कौतुक सांगता, असं मी जैसलमेरच्या टूरवाल्याला फोनवर सुनावलं. घरचे ऐकत होते, म्हणूनच सुनावलं. दर बारा वर्षांनी आमच्या उज्जैनला क्षिप्रेकाठी कापडाचं अख्खं शहर उभं राहतं. त्यात आम्ही राहत नाही, हे खरं. वैशाखातला उन्हाळा असतो. आम्ही घरी पंख्याखाली बसतो आणि पाहुण्यांना तंबूंचा रस्ता दाखवतो. पण अनुभव तो अनुभव.

चित्तोडपर्यंतचा रस्ता सांगण्यात अर्थ नाही, तो सगळ्यांनी पाहिलाय. अजमेर मागे पडलं, नागौरची पाटी दिसली आणि माझ्या अंगात शिंदेशाही संचारली.

आम्ही मूळचे शिंद्यांच्या पदरचे. पदरी नेमके कुठे, यावर घरात एकमत नाही. आजोबा म्हणायचे दफ्तरात, आई म्हणते मुदपाकखान्यात. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी केली. त्यांचे थोरले चिरंजीव जयाप्पा १७५४ मध्ये मारवाडच्या बिजेसिंहावर चालून गेले. मेडत्याला मार खाऊन बिजेसिंह नागौरच्या किल्ल्यात शिरला, तसा जयाप्पांनी वेढा घातला आणि या रेताड मुलखात महिनोन्‌महिने तळ देऊन बसले. "याला म्हणतात कॅम्पिंग!" मी स्टिअरिंगवर थाप मारली. आई डुलकी घेत होती, पोरगी मोबाइलमध्ये होती, तरी मी थांबलो नाही. जुलै १७५५ मध्ये बोलणी करायला आलेल्या माणसांनी छावणीतच त्यांचा घात केला. आंघोळीच्या वेळी, असं सांगतात. त्यांच्या धाकट्या भावाने, दत्ताजींनी, तरीही वेढा उठवला नाही. अजमेर पदरात पडल्यावरच मराठे हलले.

"म्हणजे बाबा, इथे आंघोळ करायची नाही ना?" धाकट्याने विचारलं. अडीचशे वर्षांच्या इतिहासातून त्याने तेवढंच घेतलं.

"अहो, आता पुढे बघून चालवा," बायको म्हणाली.

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत पोचलो तेव्हा तंबू आधीच ठोकलेला होता. आत कमोड, गीझर, फरशी. मेखा ठोकण्यासाठी मुद्दाम घेतलेली हातोडी मी गुपचूप सीटखाली सरकवली. पोरांना आकाश दाखवायचं होतं. जिवाजी वेधशाळेच्या गावचा माणूस मी; पण डीजेच्या दिव्यांपुढे ध्रुवसुद्धा दिसेना. टेकड्यांवर जीपगाड्या उड्या मारत होत्या, वाळूत पाण्याच्या बाटल्या रुतलेल्या होत्या. आणि नाचताना धूळ उडू नये म्हणून एक पोऱ्या पाइप धरून अंगणात पाणी मारत होता. टँकरचं पाणी, वाळवंटात, नाचासाठी! तिथे मात्र माझं डोकं फिरलं. मी मॅनेजरला बोललो, त्याने मला मोफत पापड पाठवले.

दुसऱ्या दिवशी खुडी गावाच्या वाटेवर एका ढाणीपाशी, म्हणजे छोट्या वस्तीपाशी, थांबलो. म्हातारीने टांक्याचं कुलूप काढलं. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात, अंगणावर पडलेला थेंबन्‌थेंब ज्यात उतरवून ठेवतात ते हे टाकं. तिने लोटा भरून आईपुढे धरला. आई दोन घोट प्याली. एरवी उरलेलं पाणी झाडाला ओतणारी माझी आई तो लोटा दोन्ही हातांनी परत देत होती. म्हातारीने तो शेळीपुढे ठेवला.

गाडीत बसल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आपण पर्वणीला डुबक्या मारतो त्या कुणाच्या पाण्यात रे?" मी शिंद्यांचा सगळा इतिहास चाळला, उत्तर त्यात नव्हतं. २०१६ च्या सिंहस्थात आम्ही क्षिप्रा म्हणून ज्यात न्हालो, ते पाइपातून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी होतं.

तेव्हा ज्यांना थरला जायचंय त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं, डीजेपासून लांबचा तंबू घ्यावा, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात आणि आंघोळ घरूनच करून निघावं.