मालक खाली, भाडेकरू वर

‘हाउस हॅकिंग’ म्हटल्यावर आईला वाटले, मी दरोड्याच्या तयारीत आहे. मी फोनवर समजावले, दोन मजली घर घ्यायचे, एका मजल्यावर आपण राहायचे, दुसरा भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडायचा.

“म्हणजे आपला वाडा की रे!” आई म्हणाली.

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात आजोबांची सहा बिऱ्हाडे होती. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्यांना खिळून ठेवलेली. भाडे मागायला वर गेलेले आजोबा चहा पिऊन आणि गळक्या छपराची तक्रार घेऊन खाली येत. एवढ्या खानदानी अनुभवावर मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून ओहायोतल्या क्लीव्हलंडला निघालो.

क्लीव्हलंडच का? न्यू जर्सीत माझ्या पैशांत गॅरेज आले असते, घर नाही. शिवाय नोकरी घरूनच. एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीवर मिळणाऱ्या कर्जाला ३.५ टक्केच रोख लागते, चार बिऱ्हाडांपर्यंतचे घर चालते. अट एवढीच की ६० दिवसांत राहायला जायचे आणि निदान वर्षभर राहायचे. एक्सेलमध्ये तर मी पाचव्या वर्षी निवृत्तच झालो होतो.

जून महिना. ईरी सरोवर निळेशार. विमानतळावरून थेट गावात आणणारी रेड लाइन रेल्वे बघून मी एक्सेलमध्ये भाडे पन्नास डॉलरनी वाढवले. क्लीव्हलंड हाइट्स या उपनगरात, तिकडे ज्याला ‘डबल’ म्हणतात तसे घर होते : एकावर एक दोन बिऱ्हाडे, पुढे दोन्हींना ओसरी. माझा जीव ओसरीत अडकला. घर विकताना तिथे नगरपालिका तपासणी करते. त्या अहवालात एकतीस दोष होते. मी तो विमानात वाचायला ठेवला.

वर चौदा वर्षे राहणाऱ्या निवृत्त बसचालक बाई होत्या. मी त्यांची पारख करायला गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, आइस्ड टी दिला आणि विचारले, “बर्फ कोण काढणार?”

“इथे खूप पडतो का?” मी विचारले.

बाईंनी माझ्याकडे प्रेमाने पाहिले. सरोवरावरून येणारे वारे पूर्वेकडच्या या उंचवट्यावर येऊन हात सैल सोडतात; पश्चिमेच्या लेकवूडमध्ये त्या मानाने कमी.

“आणि हिवाळ्यात बॉयलरचे पाणी दर आठवड्याला सोडावे लागते. ते?”

माझा बॉयलरशी संबंध दिवाळीच्या बंबापुरता. तोही आजोबाच पेटवत.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन छताचा ओला डाग दाखवला. मी फोटो काढला, “बघतो” म्हणालो आणि जिना उतरलो. घर घेण्याआधीच चहा पिऊन, गळक्या छपराची तक्रार घेऊन खाली येणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

आम्ही अजून एडिसनमध्ये भाड्यानेच राहतो. भाडे गेल्या महिन्यात वाढले. इथला बर्फ मात्र मालक काढतो.