खिशातला की गळ्यातला

कॅमेरा घ्यायचा, हे आमच्या घरात ठरलं तेव्हा कुठला घ्यायचा हे आमच्या साडूंनी आधीच ठरवून टाकलं होतं. गोष्ट 2013 च्या डिसेंबरातली. तेव्हा फोनवर काढलेला फोटो 'बरा आलाय' म्हणजे त्यात माणूस कोण आहे ते ओळखू यायचं, इतकंच. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात दोन पक्ष असायचे. एक पक्ष सात-आठ हजारांचा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्या म्हणणारा. दुसरा पक्ष पंचवीस-तीस हजार घालून डीएसएलआर घ्या म्हणणारा. निकॉनचा डी-3100 नाहीतर कॅननचा 1100-डी ही त्या दुसऱ्या पक्षाची पहिली पायरी. आमची ही पहिल्या पक्षात होती. साडू दुसऱ्या पक्षाचे नुसते सभासद नव्हते, प्रचारक होते. मी, नेहमीप्रमाणे, कुंपणावर.

मुंबईच्या बोरा बाजारात दोन शनिवार घालवले. तिथल्या दुकानदारांचा एकच प्रश्न: "बजेट किती?" आकडा सांगितला की प्रत्येकाकडे त्या आकड्यापेक्षा चार हजारांनी महाग असा, खास माझ्यासाठी बनवलेला कॅमेरा निघायचा. शेवटी हीच म्हणाली, "दोन्ही घेऊन केळव्याला मावशीकडे जाऊ. ज्याचे फोटो चांगले तो घ्यायचा." साडूंकडे डीएसएलआर होताच. कॉम्पॅक्ट मी ऑफिसातल्या मित्राकडून एका दिवसापुरता मागून आणला. त्याने तो देताना "जपून" हा शब्द तीनदा उच्चारला. साडूंनी स्वतःचाच कॅमेरा घेताना तो बहुधा तीस वेळा उच्चारला असावा.

25 डिसेंबर, बुधवार, नाताळची सुट्टी. बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली. ही लोकल सुरू झाल्याला तेव्हा आठ-नऊ महिनेच झाले होते, आणि अख्ख्या मुंबईला त्याच दिवशी तिचा शोध लागलेला दिसला. माझा कॅमेरा पँटच्या खिशात, रुमालाशेजारी. साडूंची बॅग त्यांच्या पोटावर, वर टर्किश टॉवेल गुंडाळलेला, दोन्ही हात तिच्याभोवती. विरारला एक आजी सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "बसा हो. झोपलंय वाटतं बाळ?"

"लेन्स आहे," साडू म्हणाले.

"असू दे, असू दे," आजी म्हणाल्या. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं, आपण काय बोलणार, असा त्यांचा चेहरा.

वैतरणेच्या पुलावर पाणी, होड्या, कोवळं ऊन, सगळं एकदम समोर आलं. साडूंनी टॉवेल सोडला, पहिली चेन उघडली, दुसरी चेन उघडली, लेन्सवरचं झाकण काढलं, ते मेहुणीकडे दिलं, मेहुणीने ते पाडलं, ते शोधलं. तोवर सफाळं आलं. मी मात्र खिशातून कॅमेरा काढून तीन सेकंदांत बटण दाबलं होतं. कॉम्पॅक्टमध्ये बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत थोडा काळ जातो. कॅमेरा आधी फोकस शोधतो, मग विचार करतो, मग काढतो. तेवढ्यात दारातल्या एका गृहस्थांनी कोपर वर केलं. वैतरणेच्या खाडीचा माझ्याकडे असलेला एकमेव फोटो म्हणजे ते कोपर. अत्यंत स्पष्ट आलंय.

केळवे रोड स्टेशनपासून केळवे गाव आठेक किलोमीटर. रिक्षात साडूंची बॅग धरून आम्ही सहा जण होतो. बॅगेला मधली जागा मिळाली. मावशींची वाडी म्हणजे नारळ, केळी आणि मागच्या बाजूला पानवेली. केळवे-माहीमची विड्याची पानं नावाजलेली, आणि मावशी त्यांच्याबद्दल बोलायला लागल्या की आपण फक्त मान हलवायची. त्या घरात बोलतात ती वाडवळी मला लिहून दाखवता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत देतोय. त्यातला निम्मा ठसका वजा झालाय, हे धरून चाला.

चहाबरोबर वाद सुरू झाला. मी म्हटलं, माझ्या हातातला एवढासा कॅमेरा सोळा मेगापिक्सेलचा, तुमचं एवढं धूड चौदाचं. मग जास्त पैसे कमी पिक्सेलना का द्यायचे? साडूंनी हातातली खारी खाली ठेवली. ते म्हणाले, पिक्सेल मोजू नका, ते कशावर बसलेत ते बघा. कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. डीएसएलआरचा बावीस-तेवीस बाय पंधरा, छोट्या टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळात बारा पट. मी म्हटलं, असेल, पण सोळा म्हणजे सोळा.

मावशी इतका वेळ पानं लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जावईबापू, एका वाफ्यात आठ वेल लावायचे तिथे सोळा लावले तर काय होईल?"

"दुप्पट पानं?"

"दुप्पट दाटी. ऊन कोणालाच पुरत नाही. पानं येतात, पण बारकी, आणि अंधाऱ्या बाजूची पिवळी." आणि त्यांनी कवळी बांधून बाजूला ठेवली.

सेन्सरचा एवढा सोपा पाठ मी नंतर कुठल्या कॅमेऱ्याच्या पुस्तकातही वाचला नाही. लहान पिक्सेलला प्रकाश कमी मिळतो, म्हणून उजेड उतरला की लहान कॅमेऱ्याचा फोटो दाणेदार होतो. साडूंनी मावशींना वाकून नमस्कार केला. पहिली फेरी त्यांनी जिंकली, पण मावशींच्या जिवावर, हे मी नोंदवून ठेवलं.

पाणकोट बघायला जायचं होतं. दांड्याच्या खाडीच्या तोंडाशी, पाण्यात नांगरलेल्या गलबतासारखा उभा असलेला हा छोटा किल्ला पोर्तुगीजांच्या काळातला. ओहोटी चांगली असेल तर चालत जाता येतं. साडू ओहोटीची वेळ फोनवर शोधू लागले. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मावशींनी विचारलं, "तिथी काय आज? अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी." तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हे कोकणातलं जुनं गणित. लहानपणी मार खाऊन पाठ केलेली पाऊणकी आयुष्यात कुठे उपयोगी पडते, याचं उत्तर मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी मिळालं. "पण अष्टमीला भांगाची भरती," मावशी पुढे म्हणाल्या, "पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. किल्ला लांबूनच बघा."

तर लांबूनच बघितला. इथे माझा डाव आला. साडूंची लेन्स कॅमेऱ्याबरोबर मिळते तीच, 18-55. जास्तीत जास्त जवळ आणूनही किल्ला त्यांच्या फोटोत पाण्यावर तरंगणाऱ्या बिस्किटाएवढा दिसत होता. माझ्या मागून आणलेल्या डबीचा झूम पाच पट. बुरुजावरचं झुडूपही दिसलं.

"एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही?" मेहुणीने विचारलं.

"त्यासाठी 55-200 वेगळी घ्यावी लागते," साडू म्हणाले.

"म्हणजे अजून खर्च?"

साडूंनी किनाऱ्यावरच्या सुरूंचे फोटो काढायला सुरुवात केली. सुरू जवळ होते.

आणि इथून पुढे माझं सगळं बिनसलं. नाताळामुळे किनाऱ्यावर जत्रा होती: टांगे, उंट, भेळेच्या गाड्या, वाळूत क्रिकेट. साडू पुढे चालत होते, गळ्यात कॅमेरा. लोक बाजूला होत होते. एका टांगेवाल्याने घोडा थांबवून विचारलं, "साहेब, कुठल्या पेपरात येणार?" साडूंनी खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त डोळा कॅमेऱ्याला लावला आणि गुडघ्यावर बसले. टांगेवाल्याने घोड्याची आयाळ स्वतःच्या कंगव्याने विंचरली. शहाळंवाल्याने साडूंच्या शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत. शितळादेवीच्या देवळाबाहेर एका कुटुंबाने त्यांना रामकुंडाजवळ "इथून चांगला येईल" म्हणत जागा करून दिली.

आणि मी? मला त्या दिवशी अकरा जणांनी एकच वाक्य ऐकवलं: "काका, आमचा एक काढा ना." आणि आपापले फोन माझ्या हातात दिले. माझ्या हातातही कॅमेराच होता हो! पण खिशातून निघालेल्या वस्तूला किनाऱ्यावर किंमत नसते. माझ्या शहाळ्याचे पूर्ण पैसे घेतले, सुटे नव्हते म्हणून दोन रुपये जास्तच.

दुपारी मागच्या पडवीत उकडहंडी. वालाच्या शेंगा, कंद, कोनफळ, मडक्यात मंद आचेवर तासन्‌तास. मडक्याचं तोंड उघडलं तेव्हा वाफेचा लोट उठला आणि त्यामागे मावशींचा चेहरा, चुलीच्या उजेडात तांबूस. फोटो काढावा तर हाच. माझ्या कॅमेऱ्याने अंधार पाहून आपणहून फ्लॅश उडवला. फोटोत पांढरीशुभ्र वाफ आहे, मावशींचे दोन डोळे लाल आहेत, बाकी काही नाही. साडूंनी आयएसओ सोळाशेवर नेला, छिद्र मोठं केलं, मान तिरकी केली, म्हणाले, "मावशी, जरा थांबा." मावशी तोवर ताटं वाढून मोकळ्या झाल्या होत्या. साडूंनी मडक्याचा फोटो काढला. रिकाम्या.

सूर्यास्ताची मात्र साडूंनी जय्यत तयारी केली होती. ट्रायपॉड. पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या वाळूत, कारण पुढे माणसं आलेली त्यांना नको होती. मी म्हटलं, मावशी सहाची भरती म्हणाल्यात. साडू म्हणाले, "भांगाची आहे, एवढं पाणी नाही येत." सूर्य टेकला, सहा वाजले, आणि भांगाचं पाणी आपल्या संथ चालीने आलं. ट्रायपॉडचं एक पाऊल वाळूत रुतलं, क्षितिज कललं, साडू कॅमेरा उचलून मागे पळाले, चप्पल पुढे गेली. मी हा प्रसंग टिपायला खिशात हात घातला. खिशात रुमाल, वाळू, शेंगदाण्याची टरफलं आणि कॅमेरा होता. लेन्स अर्धी बाहेर आली, करकरली, आणि पडद्यावर इंग्रजीत काही तरी लिहून कॅमेरा कायमचा झोपला. 'खिशात मावतो' ही ज्याची जाहिरात, तो खिशामुळेच गेला. मित्राला मी नवा घेऊन दिला. म्हणजे आमच्या खर्चाने कॉम्पॅक्ट घेतला गेलाच, फक्त आमच्या घरी आला नाही.

रात्री मावशींनी विचारलं, "दाखवा बघू, काय काय काढलंत?" साडूंच्या कॅमेऱ्यात तीनशे बारा फोटो. मावशींनी चष्मा लावून सगळे पाहिले. घोडा सतरा वेळा, सुरू चाळीस वेळा, सूर्य एकशे नऊ वेळा, त्यातले बरेच तिरके. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "सूर्य इथे रोज बुडतो हो. माझा कुठाय?"

कोणीच काही बोललं नाही. मी मनात पिवळ्या पानांचा विचार करत होतो.

पुढच्या महिन्यात मी डीएसएलआर घेतला. घरात कारण दिलं सेन्सरचं. खरं कारण ते शहाळं. गळ्यात कॅमेरा घालून मी एकदा केळव्याच्या किनाऱ्यावर चाललोही, पण तेवढ्या काळात तसे कॅमेरे इतक्या गळ्यांत आले होते की टांगेवाल्याने मला फक्त विचारलं, "बसणार का?" मावशींचा फोटो पुढे त्यांच्या नातवाने फोनवर काढला. चुलीपाशीच. छान आलाय, भिंतीवर आहे.

माझा कॅमेरा मात्र कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी, सिलिका जेलच्या पुड्यांत निजलाय. कोणाला हवा असेल तर कळवा. सोबत 18-55 लेन्स, बॅग आणि टर्किश टॉवेल देईन. किंमत समोरासमोर ठरवू. केळव्यालाच भेटायचं म्हणत असाल तर या, फक्त निघण्याआधी तिथीला पाऊणने गुणून बघा.