अडगळीची बढती

जुन्या वस्तूंच्या बाजारातला हिशेब तसा सोपा आहे. शंभरी गाठलेली ती अँटिक. विशी-पंचविशी ओलांडून शंभरीकडे निघालेली ती व्हिंटेज. आणि गेल्या महिन्यात कारखान्यातून निघून आजोबांसारखा चेहरा करून बसलेली ती रेट्रो. या हिशेबात वस्तूच्या आयुष्यातली एक अवस्था मात्र कोणी धरलेलीच नाही. जुनी झाली आहे, पण अजून कौतुकाची झालेली नाही, अशी ती अवस्था. ती काढायला वस्तू माळ्यावर जाते.

आमच्या माळ्यावर सध्या एक व्हीसीआर, मेलामाईनच्या ताटल्या आणि कॅसेटींचं एक खोकं या अवस्थेतून जात आहे. त्यांना फेकवत नाही आणि पाहुण्यांना दाखवतही नाही. आत्याकडचा तांब्याचा बंब यातूनच पार पडला. गीझर आले तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी आपापले बंब मोडीत घातले, वजनावर पैसे घेतले. आत्याच्या यजमानांनी "या रविवारी बघू" असं म्हणत तो मागच्या पडवीत ठेवला आणि मग पुष्कळ रविवार गेले. आज तो बंब दिवाणखान्यात आहे, त्यात मनीप्लँट आहे, आणि यजमान "आम्ही परंपरा जपली" असं सांगतात. माझं मत असं, की जगातल्या निम्म्या अँटिक वस्तू प्रेमापेक्षा आळसाने वाचल्या आहेत.

हा नियम मोडणारा एक माणूस पुण्यातच होऊन गेला. दिनकर केळकर. चष्म्यांचा व्यवसाय, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि छंद लोकांच्या घरातल्या अडकित्ते, दिवे, वज्री असल्या वस्तू गोळा करण्याचा. टाच घासायची वज्री काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी आहे, हे ती वापरात असतानाच ओळखायला वेगळी नजर लागते. नाहीतरी माणूस चष्म्याच्या धंद्यातलाच. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. त्यांच्या संग्रहालयातले अडकित्ते पाहताना आमची आत्या दर कपाटापुढे "हा आपल्याकडे होता" म्हणाली आणि दर वेळी यजमानांकडे बघितलं.

बाकीच्यांना नजर कमवायची असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. तिथे मला एक पेटी 'पेशवेकालीन' म्हणून दाखवण्यात आली. बिजागरीला चार स्टार स्क्रू होते. मी म्हटलं, "अहो, हा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला. पेशवाई १८१८ला संपली."

"मग नंतर दुरुस्त केली असेल," दुकानदार शांतपणे म्हणाला. "पेशव्यांकडे काय सुतार येत नव्हते?"

१८१८ हे साल या बाजारात फारच लोकप्रिय आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं, १८१८चं, मारुतीचं किंवा रामदरबाराचं नाणं तिथे हमखास मिळतं. दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्ताला धाडायच्या गडबडीत कंपनीला मारुतीराय आठवावेत, हे ऐकायला गोड आहे. पण असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. त्यातली काही नाणी म्हणे तांदूळ ओढून घेतात. तांदळाचं माहीत नाही, गिऱ्हाईक ओढतात हे मी पाहिलं आहे.

पितळ-तांब्याचं पारखायला मात्र खरी युक्ती आहे. हात लागतो तिथेच जुनी वस्तू झिजते. अडकित्त्याची मूठ गुळगुळीत आणि नक्षीच्या खाचा काळ्या, तर तो पानाच्या तबकात बसून आलेला. सगळीकडे सारखाच काळा असेल तर गेल्या आठवड्यात रसायनात बुडवून काढलेला. आमच्या घरी ही युक्ती चालत नाही, कारण घरात आलेली कुठलीही वस्तू आधी पितांबरीने लख्ख होते. संग्राहक जिला वस्तूची शंभर वर्षांची कमाई म्हणतो, तिला बायको मळ म्हणते.

शंभरी हा प्रकार सरकारही गंभीरपणे घेतं. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. म्हणजे न्यू जर्सीच्या पुतण्याला पणजीची समई हवी असेल, तर तिच्या नव्व्याण्णवाव्या वर्षापर्यंत न्यावी. पुढे ती कायमची इथलीच. म्हातारपणी व्हिसा अवघड होतो, हे समईलाही चुकलेलं नाही.

गाड्यांचं त्याहून गमतीचं. एके काळी सकाळी गल्लीगल्लीतून पुरुषमंडळी आपापली स्कूटर एका बाजूला तिरकी करून, देवाचं नाव घेऊन किक मारत. १९७२ला आलेली चेतक पुढे बंद झाली आणि २०२०मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. तोच गोलसर बांधा, पण तिरकी करावी लागत नाही. रेट्रोची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. तोंडवळा जुना, कटकट वगळून.

मामाकडे मात्र कटकटीसह मूळ स्कूटर आहे आणि तिने पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं मिळतात. मोठ्या उत्साहाने मी हे त्याला सांगितलं.

"मग मंडईत नेता येईल ना?"

"नाही मामा. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच."

मामाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे वीस हजार भरून घरी बसायचं? निवृत्त झाल्यापासून मी तेच करतोय. फुकटात."