डोक्यातले बदाम

स्वयंपाकघरात गेलो आणि कशाला आलो होतो तेच विसरलो. अशा वेळी मी फ्रिज उघडतो. त्याने आठवत काही नाही, पण माणूस कामात आहे असं घरच्यांना वाटतं. शेवटी एक काकडी घेऊन बाहेर आलो.

सुट्टीत आलेली भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "मामा, तू उंबरठा ओलांडलास म्हणून विसरलास." मला वाटलं, ही माझ्या पासष्टीवर बोलते आहे. पण तिचा उंबरठा खराखुरा, दारातला होता. एका खोलीतून दुसरीत गेलं की मेंदू आधीच्या खोलीतला प्रसंग मिटवून ठेवतो. रॅडव्हान्स्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोगही केले आहेत म्हणे. आमच्या आईने उंबरठ्यावर बसू नये, शिंकू नये, एवढंच शिकवलं होतं. ओलांडूही नये, हे राहूनच गेलं.

स्मरणशक्तीसाठी आमच्याकडे रोज रात्री बदाम भिजत पडतात. भाचीचं पुस्तक चाळलं तर डोक्यात बदाम आधीच आहेत, चांगले दोन. अमिग्डाला म्हणजे ग्रीक भाषेत बदामच. पण त्या बदामाकडे खातं आहे ते मुख्यतः भीतीचं. आठवणींचं काम शेजारच्या हिप्पोकॅम्पसकडे. हा पाणघोडा असेल असं मी धरून चाललो होतो, आणि माझ्या स्मरणशक्तीचा वेग पाहता ते पटतही होतं. निघाला समुद्रघोडा. इटलीतल्या अरान्झीने 1587 साली मेंदूतल्या या भागाचं वर्णन करताना तो समुद्रघोड्यासारखा दिसतो असं लिहिलं, आणि लगेच रेशमाच्या किड्याशीही तुलना करून ठेवली. म्हणजे नाव ठेवणारा माणूसही आमच्यासारखाच, धड ठरत नव्हतं. बदाम आणि समुद्रघोडा एकमेकांना लागून बसतात, हे मात्र मला मनापासून पटलं. गणिताच्या मास्तरांचा चेहरा मला पन्नास वर्षांनंतरही लख्ख आठवतो. गणित आठवत नाही.

शाळेच्या पुस्तकांत आता प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ असे शब्द आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री हे पाठ करणाऱ्या पोरांच्या बदामाचं काय होत असेल! आमच्या वेळी मोठा मेंदू आणि लहान मेंदू, एवढ्यावर भागायचं. तोही न्याय नव्हताच म्हणा. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी, आणि त्यांतल्या जवळजवळ 69 अब्ज एकट्या लहान मेंदूत. वजनाने तो मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. धाकट्या सुनेसारखी गत आहे बिचाऱ्याची: घरभर राबायचं तिने आणि पत्रिकेत नाव थोरलीचं.

मला सगळ्यात आवडला तो थॅलॅमस. ग्रीकांच्या लेखी याचा अर्थ आतली खोली. आपण सरळ माजघर म्हणावं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला लागलेलं, सगळं आधी या माजघरात येतं आणि मग पुढे ज्याच्या त्याच्या ठिकाणी जातं. "फक्त वास तेवढा," भाची म्हणाली, "माजघरात न थांबता परस्पर आत जातो."

तिचं वाक्य संपायच्या आत तो गेलाच. करपल्याचा वास. आणि त्याच क्षणी, एकही उंबरठा न ओलांडता, मला लख्ख आठवलं की मी स्वयंपाकघरात दुधाखालचा गॅस बंद करायला गेलो होतो.

ही बाहेरून आली, पातेल्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या काकडीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. माझे दोन्ही बदाम एकदम जागे झाले. सध्या ओट्यावर वाटीतले बदाम आणि दुधाचं पातेलं शेजारी शेजारी भिजत पडले आहेत. पातेलं मला घासायचं आहे.