भगिनींकडून हक्कसोडपत्र कसे करून घ्यावे

वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर वडिलांमागे आपले, आणि केवळ आपलेच, नाव लागावे अशी ज्यांची स्वाभाविक इच्छा असते, परंतु ज्यांना दैवाने एक वा अधिक बहिणी दिलेल्या असतात, अशा सद्गृहस्थांच्या उपयोगासाठी हे चार शब्द लिहीत आहोत. या विषयातील ज्ञान आजवर चावडीवरच्या गप्पा, तहसील कचेरीबाहेरची दस्तलेखकांची टेबले आणि लग्नमांडवातली कुजबुज यांच्याद्वारे मौखिक परंपरेनेच चालत आले असून त्याची पद्धतशीर मांडणी कोणी केलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते स्वतः नीट समजून घ्यावे, आणि समजल्यावर घरात त्याची वाच्यता करू नये. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने, मृत्युपत्र नसल्यास, बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. मात्र एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हक्कदार होण्याचा मान मुलग्यांकडेच ठेवला. महाराष्ट्राने 1994 साली तो मान मुलींनाही दिला, पण त्या वर्षीच्या 22 जूनपूर्वी जिचे लग्न झाले तिला वगळले, त्यामुळे बहिणीच्या विवाहाची जीर्ण निमंत्रणपत्रिका हा काही काळ मोठा मौल्यवान दस्तऐवज होऊन बसला. 9 सप्टेंबर 2005 पासून संसदेने तीही अट उठवली. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात (प्रतिवादींत भाऊ होता, हे वेगळे सांगणे नकोच) असा निर्वाळा दिला की, मुलीचा हक्क जन्माने येतो, तेव्हा 2005 च्या त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. ‘आमची वाटणी मागेच तोंडी झाली होती’ हा आजोबांच्या काळापासूनचा रामबाण उपायही याच निकालाने जवळजवळ निकामी केला. अशा रीतीने कायद्याच्या मैदानात भावाला उभे राहण्यापुरतीही जागा उरलेली नसल्यामुळे, हा विषय तेथून उचलून जिव्हाळ्याच्या माजघरात आणणे हेच प्रस्तुत शास्त्राचे मर्म आहे.

आता मुहूर्त. भाऊबीज वरकरणी सोयीची वाटते. परंतु त्या दिवशी कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब सर्वांच्या मनात ताजा असल्याने तुलना होण्याचा धोका संभवतो. सर्वोत्तम काळ वडिलांच्या तेराव्याचा. त्या सुमारास सगळ्या बहिणी एकाच छपराखाली जमलेल्या असतात, रडून डोळे सुजलेले असतात, चष्मा कोठे ठेवला ते आठवत नसते, परतीच्या एस.टी.ची वेळ डोक्यात घोळत असते; आणि वडिलांच्या रिकाम्या खाटेकडे पाहत मिळकतीची गोष्ट काढणारी मुलगी ती निर्दय, तर त्याच खाटेकडे पाहत कागद पुढे करणारा मुलगा तो जबाबदार, असे समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवलेले असते. या अनुकूल लोकमताचा लाभ न घेणे हा निव्वळ आळस होय.

बोलताना भाषा साधी ठेवावी. “ताई, वारसनोंदीचं काम आहे, उद्या जरा तालुक्याला जाऊन येऊ,” एवढे पुरते. ‘हक्क’ हा शब्द उच्चारू नये. ‘सही’ म्हणावे, तेही ‘फक्त’ हे विशेषण लावून. क्वचित एखादी बहीण, विशेषतः शिकलेली व नोकरी करणारी, कसली सही असे विचारते. तिला तिच्या लग्नात आबांनी विकलेल्या दोन एकरांची आठवण द्यावी. मात्र आपले शिक्षण, आपल्या नोकरीसाठी भरलेली रक्कम आणि विहिरीवरचे इंजिन यांचा खर्च त्याच ओघात निघणार नाही, ही खबरदारी घ्यावी. त्यानेही भागले नाही तर जावयाकडे वळावे. “हे तू बोलत नाहीस ताई, भाऊजी बोलतायत,” या एका वाक्यात फार मोठे सामर्थ्य आहे. कारण बाईला स्वतःला जमीन हवीशी वाटू शकते ही शक्यताच त्यात गृहीत धरलेली नसते, आणि पुढे ती जे जे बोलेल ते ते नवऱ्याच्या खाती जमा होते. बिचारी मग नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी सही करते.

तरीही अडचण राहिलीच तर आईला पुढे करावे. “दोन पोरींसाठी घरात कज्जा नको गं,” असे ती म्हणते तेव्हा तिच्या स्वरात जी विलक्षण निःस्वार्थता येते, तिचे कारण असे की पतीच्या मिळकतीत स्वतःलाही मुलांइतकाच वाटा आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. (तिची सही त्याच फेरीत उरकून घ्यावी, दुसऱ्यांदा गाडीभाडे पडत नाही.) आणि सर्वांत शेवटचे, अतएव जपून वापरायचे अस्त्र म्हणजे माहेर. सही केली नाही तर माहेर तुटेल असे उघड कधीही म्हणू नये, “पुढच्या दिवाळीला येशील ना?” एवढेच विचारून क्षणभर थांबावे. एका दिवाळीच्या चार दिवसांची किंमत किती गुंठे होते हे गणित तिचे तिने करायचे असते, आणि अनुभव असा की ते ती नेहमी भावाच्या फायद्याचेच करते.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतले काम त्यामानाने सोपे. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावाच्या नावे सोडण्यास शासनाने मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवले आहे, त्याबद्दल शासनाचे आभार मानावेत. दस्तात ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता’ हा मजकूर आणि ‘माझे सासरी सुखाने चालले असून मला सदरहू मिळकतीची गरज नाही’ हे कलम दस्तलेखक न सांगताच घालतो. सासरी तिच्या नावावर काय आहे याची चौकशी करण्याचा प्रघात नाही. दस्त मान्य आहे का, असे अधिकारी विचारतात, तेव्हा बहीण उत्तर देण्यापूर्वी भावाकडे पाहते. या वेळी आपण मोबाईलमध्ये पाहत असावे. कॅमेऱ्यापुढे छायाचित्र आणि यंत्रावर अंगठा झाला की बाहेर येऊन तिला साडी-चोळी करावी. साडी उंची असावी. या व्यवहारात काटकसर करणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

पुढे तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नामाभिधान मिळाले आहे) फेरफार घालतात, हरकतीची नोटीस निघते, पंधरा दिवस कोणी हरकत घेत नाही, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. काही उतावीळ मंडळी ही सारी यातायात टाळून वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून बहिणींची नावेच गाळतात, म्हणजे वडिलांना मुली झाल्याच नव्हत्या असे शपथेवर सांगतात. ही अडाणी रीत आम्हांस पसंत नाही, कारण तीत खोटेपणा दिसून येतो. जुने लोक अधिक कुशल होते. ते थोरल्याचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून कब्जेदारसदरी लावीत आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात, सावकाराच्या बोज्याशेजारी, बसवीत. नाव असे, जमीन नसे. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच आढळल्या, यावरून या शास्त्राचा प्रसार कोणत्याही विद्यापीठाच्या साहाय्याविना किती दूरवर झाला आहे, ते दिसून येईल.

उलट उदाहरणे अर्थात आहेत. शेतकरी संघटनेने चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा गावेच्या गावे जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून देण्यास पुढे आली होती. नवशिक्यांनी असल्या गोष्टी वाचू नयेत. शहरातला फ्लॅट पत्नीच्या नावे घेण्यास मात्र हरकत नाही. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि किल्ल्या आपल्याकडेच राहतात.

पत्नीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सूचना. मेव्हण्यांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र मागितले की, आपल्या बहिणीच्या बाबतीत अनावश्यक वाटलेली ती सगळी कलमे आणि तो 2020 चा निकाल एकाएकी आपणांस मुखोद्गत होतात, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पण दोन्ही व्यवहार एकाच हंगामात येऊ देऊ नयेत. आणि दस्ताला दोन साक्षीदार लागतात, त्यांत पत्नीला घालू नये. शेजारी चालेल, भावकीतला चालेल, कचेरीबाहेरचा चहावालाही चालेल. तो न वाचता सही करतो.