वाढीव दांड्याची मंजुरी

विमान हाकणाऱ्याची योग्यता त्याच्या दांड्याच्या लांबीवरून ठरते, हे मत माझे नव्हे, माझ्या अहंकाराचे आहे. परंतु या देहाच्या दफ्तरातील सर्व मंजुऱ्या तोच देत असल्यामुळे, बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर शाहूपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत संगणकासमोर बसून मी जी विमाने उडवतो, त्यांच्या जॉयस्टिकला वाढीव दांडा बसवण्याची तजवीज झाली तीही त्याच्याच सहीशिक्क्याने. घरच्या मंडळींना हा खेळ वाटतो. जो मनुष्य कऱ्हाडच्या धावपट्टीवरून उड्डाण करतो, प्रीतिसंगमावर एक घिरटी घालून कृष्णेचे वळण न् वळण धरीत दक्षिणेला उतरतो आणि सांगलीजवळ कवलापूरच्या त्या ओस धावपट्टीवर अलगद टेकतो, जिथे प्रवासी विमान यावे म्हणून सांगलीकर वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करीत आहेत, त्याला खेळाडू म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. कवलापूरला आज नियमित विमानसेवा आहे आणि ती मी चालवतो. प्रवासी नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.

सांगलीचे आमचे साडू हे मानीत नाहीत. ते विश्रामबागेत राहतात, बँकेतून निवृत्त आहेत, आणि दुसऱ्याच्या हौशीवर व्याज आकारण्याची त्यांची सवय गेलेली नाही. वाढीव दांड्याचा विषय निघताच ते म्हणाले, "रावसाहेब, एफ-सोळासारख्या लढाऊ विमानाचा दांडा उजव्या हाताशी, बाजूला असतो, आणि प्रथम बनवला तेव्हा तर तो हलतच नसे, नुसता हाताचा दाब ओळखायचा. एअरबसलाही वैमानिकाच्या बाजूला वीतभर कांडी असते. मग तुम्हालाच हा सोटा कशाला?" मी शांतपणे उत्तर दिले, की ज्याचे विमान संगणक सावरतो त्याला कांडी पुरते, परंतु स्पिटफायरचा दांडा पायांमधून वर येई, आणि विमानाची बैठक इतकी अरुंद, की डावी-उजवीकडे झुकवण्यासाठी त्या दांड्याला अर्ध्यावर सांधा देऊन केवळ वरचा भागच हलवावा लागे. मांड्यांत दांडा धरून जे उडतात ते वैमानिक, बाकीचे प्रवासी. या वाक्यावर मी स्वतःच इतका खूष झालो की साडूंनी काय उत्तर दिले ते ऐकायचे राहून गेले.

यात गणितही आहे आणि ते सरळ आहे. टेबलावरची जॉयस्टिक बुडाच्या सांध्यावर चोहोबाजूंना सुमारे वीस अंश झुकते. सांध्यापासून मुठीचे अंतर वीस सेंटिमीटर धरले, तर हात अवघा सात सेंटिमीटर सरकताच हद्द संपते. तेच अंतर चाळीस केले की हाताला चौदा सेंटिमीटरांची मोकळीक मिळते. हात चुकून दोन मिलिमीटर हलला, तर आखूड दांडा अर्ध्या अंशाहून थोडा अधिक कलतो, लांब दांडा त्याच्या निम्माच. म्हणजे चूक तीच, पण विमानापर्यंत पोचेतो ती अर्धी माफ होते. धावपट्टी समोर आली असताना ही माफी फार मोलाची असते. सरकारी नोकरीत इतकी उदार तरतूद मी पाहिलेली नाही.

वस्तुतः हे गणित आमच्या मामांना कुंडलच्या शिवारात, कागद-पेन्सिलीवाचून ठाऊक होते, आणि येथे मी वाचकांची क्षमा मागून नांगराकडे वळणार आहे. नांगराचा जो उभा दांडा नांगऱ्याच्या हाती असतो त्याला रुमणे म्हणतात, आणि त्याच्या माथ्यावरच्या पकडीला मूठ. खरे काम जमिनीत घुसलेला फाळ करतो. वरचा मनुष्य रुमण्याने त्याला फक्त सांगत असतो, जरा खोल, जरा वर, जरा डावीकडे. रुमणे आखूड असले तर फाळ दगडाला लागला की प्रत्येक वेळी मनगटाला हिसका बसतो; बेताने लांब असले तर तोच हिसका खांद्यापर्यंत येता येता विरतो. सुट्टीत मी नांगर धरायचा हट्ट केला तेव्हा मामांनी सुताराकडून माझ्या छातीच्या मापाचे रुमणे तासून आणवले होते, आणि आजोबांचे रुमणे मात्र, त्यांची कंबर वाकल्यावर, कमी न करता उलट चार बोटे वाढवले होते. त्याचे कारण तेव्हा मला कळले नव्हते.

आणि नांगराचा विषय निघाल्यावर सातारा-सांगलीच्या मनुष्याने लोखंडी नांगराला वगळून पुढे जावे हे कृतघ्नपणाचे होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी कुंडलरोड स्थानकाजवळचा माळ दिला, त्यावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे आमच्या सातारारोडला धनजीशहा कूपर यांनी 1922 साली नांगरांचा कारखाना काढला, आणि हेच कूपरसाहेब 1937 च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पहिले मुख्य प्रधान झाले. त्यांचे मंत्रिमंडळ जुलैपर्यंतच टिकले, परंतु नांगर कितीतरी अधिक टिकले, आणि माझ्या मते कोणत्याही राज्यकर्त्याविषयी याहून चांगले काही सांगता येत नाही. पुणे-मिरज लोहमार्गावर सातारारोड आणि किर्लोस्करवाडी ही दोन्ही स्थानके लागतात. त्या गाडीने जाताना या टापूत मूठ आणि दांडा यांचा विचार विमानविद्येच्या कितीतरी आधी झालेला आहे, या अभिमानाने मी खिडकीची जागा सोडीत नाही. साडू या मजकुराला विषयांतर म्हणतात. म्हणोत.

तर, दांडा. बाजारात तो पाच, साडेसात, दहा आणि वीस सेंटिमीटरांचा मिळतो. सरळ मिळतो आणि मांडीला अडू नये म्हणून मध्ये वाक दिलेलाही मिळतो. निवडीची पहिली कसोटी लांबी नसून आटे ही आहे. माझी मूठ थ्रस्टमास्टर पद्धतीच्या जोडाची, म्हणजे 36 मिलिमीटर व्यासाला 2 मिलिमीटरचा आटा. मुठीच्या बुडाशी फिरते कडे असते ते बैठकीवर आवळायचे, आणि आत पाच पिनांचा जोड असतो त्यातून मुठीवरच्या बटणांचे निरोप खाली जातात. म्हणून दांडा पोकळ हवा, त्यातून तार हवी, खाली कडे आणि वर आटे हवेत. मी परदेशातून दहा सेंटिमीटरचा तयार दांडा मागवला. त्यावर जकात भरली. जकातीचा आकडा सौ.ला सांगितलेला नाही, म्हणून येथेही देत नाही.

टेबलावर बसवताच मूठ हनुवटीपाशी आली. सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कोणाला मुजरा चाललाय?" मग बैठक टेबलाखाली उतरवणे प्राप्त झाले. सुताराने खुर्चीच्या पुढे, गुडघ्यांच्या मध्ये, जाड फळी ठोकून दिली. खुर्ची चाकांची होती. तेव्हा नाक खाली करण्यासाठी दांडा पुढे रेटला की विमान सूर मारी आणि वैमानिक मागे जाऊन कपाटावर आदळे. चाके काढली, विटा लावल्या. नंतर असे दिसले, की धातूची जड मूठ उंचावर गेल्यामुळे दांडा कलल्यावर तिच्याच भाराने कलता राही. तळाची स्प्रिंग तिला मध्यावर परत आणू शकेना. तरफ लांब झाली की हाताला जोर कमी लागतो, पण मुठीचे वजनही त्याच हिशेबाने जोरदार होते, हे पुस्तकात होते. माझ्या पाठांतरात नव्हते. आणि एवढे सव्यापसव्य करूनही विमान धावपट्टीसमोर डोलतच होते.

साडूंच्या ओळखीने सांगलीच्या वसंतदादा औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. तरुण मनुष्य होता. मुलाखतीला बसल्यासारखा मी बोलत होतो आणि तो चकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा गज आवळत होता. प्रथम त्याने पोलादाच्या नळीची शिफारस केली, पण मुठीच्या वजनाची कथा ऐकल्यावर स्वतःच गज बदलला. आटे पाडताना तो ब्रशाने थोडे थोडे रॉकेल लावी, आणि टूलाच्या टोकाशी चकचकीत भेंडोळी उलगडत खाली पडत. मी नमुन्याचा दांडा पुढे केला आणि म्हणालो, दहाच्या जागी पंधरा करा.

"माप तुम्हीच घ्या काका," असे म्हणून त्याने माझ्या हाती व्हर्निअर दिला. कड्याला त्याचे जबडे लावले तेव्हा ते धातूवर टिकटिक वाजू लागले. टिकटिक थांबेना. त्याने व्हर्निअर हलकेच काढून घेतला.

"पंधरानं भागायचं न्हाई काका. वीस करूया की."

"का?"

"हात हालतोय तुमचा. लांब धरला की कमी हालंल."

माझ्या अहंकाराचे कार्यालय तेवढ्यापुरते बरखास्त झाले. याच हाताने आयुष्यभर मोजमाप-पुस्तकांवर सह्या केल्या, ठेकेदारांची बिले अडवली, आणि सौ. अलीकडे माझा चहाचा कप पाऊणच भरते, ते मी इतके दिवस तिच्या काटकसरीच्या खाती जमा करीत आलो होतो. मला फार राग आला. तो कोणावर काढावा हे मात्र त्या शेडमध्ये उभ्या उभ्या ठरवता येईना, कारण समोरचा मुलगा निमूटपणे नवा गज मापत होता आणि आजोबांचे ते चार बोटे वाढवलेले रुमणे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"करा वीस," मी म्हणालो.

बाकीचे झटपट झाले. गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात ताठ स्प्रिंग मिळाली. एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने जुन्या दांड्यातली तार काढून, तिला तुकडा जोडून, डाग देऊन नव्यात ओवली. एस.टी.त कंडक्टरने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या ऐवजाकडे पाहून विचारले, "पंपाचा पार्ट काय?" मी होय म्हणालो. विमान आता कऱ्हाडला बहुतेक वेळा मध्यरेषेवर उतरते. साडू त्याचे श्रेय संगणकाला देतात, मी गणिताला देतो, आणि सौ. म्हणते की विटा काढा, केरसुणी अडते.

दहा सेंटिमीटरचा विलायती दांडा, आटे शाबूत, कडे शाबूत, माझ्याकडे विनावापर पडून आहे. ज्याचा हात अजून स्थिर असेल अशा वाचकाने खुशाल मागून घ्यावा. तार काढलेली आहे, आणि टपालखर्च घेणाऱ्याने सोसावयाचा आहे.