एक्क्याण्णव बोगदे आणि दोन जीबी

मोबाइल निवडायला मोबाइलच्या दुकानाइतकी वाईट जागा नाही. तिथे रेंज पूर्ण असते, चार्जर हाताशी असतो, दिवे लख्ख असतात आणि काउंटरपलीकडचा मुलगा 'काका, कॅमेरा बघा ना' म्हणत आपल्याच टकलाचा फोटो आपल्याला दाखवत असतो. ज्यांचा वापर हलका आहे, म्हणजे दिवसाला चार-पाच फोन, बँकेचा ओटीपी, नातवाचा एखादा फोटो आणि भाजीवालीला चाळीस रुपये, त्यांनी फोन आणि रिचार्ज यांचा विचार मांडवी एक्सप्रेसच्या खिडकीशी बसून करावा. ही गाडी सकाळी सात-दहाला सीएसएमटीहून सुटते आणि मडगावला पोचेपर्यंत दिवस मावळतो. दरम्यान दूरसंचाराच्या सगळ्या अवस्था भोगून होतात: भरघोस रेंज, एक काडी रेंज, नुसतं 'हॅलो, हॅलो', आणि शून्य. एवढं सोसलेल्या माणसाला पटवावं लागत नाही की हलक्या वापरासाठी कंपनीकडून जीबी विकत घ्यायचे नसतात, दिवस विकत घ्यायचे असतात. आणि फोनकडून चित्रापेक्षा आवाज मागायचा असतो.

ठाणं मागे पडेपर्यंत डबा सीरियल, रील आणि क्रिकेटमध्ये बुडालेला असतो. ही मंडळी रोज दोन जीबीवाली. त्यांच्या प्लॅनमध्ये वर्षाचे ७३० जीबी असतात आणि मध्यरात्री बारा वाजता त्या दिवसाचे उरलेले जीबी निमूटपणे सरकारजमा, नव्हे, कंपनीजमा होतात. ज्याला रात्री दहीभातच लागतो त्यानं बारा महिने अमर्याद थाळीचे पैसे भरावेत, तसला हा व्यवहार. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा असा वर्षाचा प्लॅन ३,५९९ रुपयांना होता. मग हलक्या वापराचा माणूस शहाणपणा करतो आणि एअरटेलचाच सर्वांत लहान रिचार्ज मारतो: तेव्हा १९९ रुपये, २८ दिवस, एकूण दोन जीबी. इथे खरी गंमत सुरू होते. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा महिने बसतात. पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि त्यात जावयाला नव्हे, कंपनीला वाण द्यावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायला कंपन्यांना आदेश काढून सांगावं लागलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा जो दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल. महिना किती दिवसांचा असतो हे प्रौढ माणसांना सरकारी कागदावर समजावून देण्याचा प्रसंग क्वचितच येत असेल. तेरा गुणिले १९९ म्हणजे २,५८७ रुपये, आणि एवढं करून ३६४ दिवस. एक दिवस उरतोच.

दिवसांना एवढी किंमत आली कशी, हेही पाहायला हवं. भारतात मोबाइलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना केला. तेव्हा बोलण्याला पैसे पडत आणि ऐकण्यालाही. म्हणजे कुणी तास-तास रडगाणं गायलं तर त्याचं बिल दोघांना. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मिस्ड कॉल ही राष्ट्रीय भाषा बनली. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत 'आजीवन' प्लॅन आले. पुढे खुलासा झाला की आजीवन म्हणजे ग्राहकाचं जीवन नव्हे, कंपनीच्या परवान्याचं. तरीही तो काळ सोन्याचा, कारण पैसे न भरता येणारे फोन घ्यायची सोय होती. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी २८ दिवसांच्या किमान रिचार्जची अट घातली, सुरुवात ३५ रुपयांपासून. त्या दिवसापासून फोन कमी वापरणं ही काटकसर राहिली नाही. तुम्ही बोला वा मौन पाळा, मुदत संपली की थोड्याच दिवसांत येणारे फोन बंद, ओटीपी बंद, म्हणजे बँक बंद. आपण भाडं भरतो ते आपल्या नंबरला जगात राहू देण्याचं.

'पण अहो, नेट नको कसं? आता भीकसुद्धा क्यूआर कोडवर देतात,' हा आक्षेप पनवेल सुटता सुटता समोरच्या बाकावरून येतोच आणि तो रास्त आहे. नेट हवं. प्रश्न किती हवं हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसतं बोलणं आणि एसएमएस एवढ्याचंच व्हाउचर देण्याची सक्ती केली आणि त्याची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलचा ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांचा बिननेटचा प्लॅन दिसू लागला, आणि त्याच कंपनीचा २,२४९ रुपयांचा, वर्षाला ३० जीबी देणारा. आता भागाकार करा. वर्षाचा बिननेट प्लॅन दिवसाला पाच रुपयांना पडतो, ३० जीबीवाला सव्वासहाला थोडा कमी आणि 'सर्वांत स्वस्त' म्हणून दर २८ दिवसांनी मारलेला सात रुपये अकरा पैशांना, तोही वर्षाला २६ जीबी घेऊन. लहान रिचार्ज स्वस्त दिसतो, कारण आपण त्याला एकदाच पाहतो. तो मात्र वर्षातून तेरा वेळा आपल्याला पाहतो. हे दर बदलतील, काही प्लॅन हा मजकूर छापून येईपर्यंत गुप्त होतील. भागाकार तोच राहतो: रक्कम भागिले दिवस. भाजीवाली, ओटीपी आणि नातू यांना मिळून महिन्याला अडीच जीबी पुरतात. नातू व्हिडिओ कॉलवर तासभर नाचणारा असेल तर वापर हलका नाही हे मान्य करावं आणि हा लेख नातवाच्या आईला द्यावा.

रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते आणि वादविवादाला बोगद्यांची विश्रांती मिळते. या मार्गावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरलं की ३,५९९ वाला आणि १,८४९ वाला यांच्यात इतकी समता नांदते की कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसावी. 'बोगदा आलाय, बोगदा!' असं एक जण ओरडून सांगत असतो, पण ऐकणारा केव्हाच गेलेला असतो. हा मार्ग फोनचीही परीक्षा घेतो. रेंज क्षीण झाली की फोन टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी खातो. मुंबईत रात्रीपर्यंत टिकणारा फोन म्हणूनच कणकवलीला मान टाकतो. त्यामुळे स्वस्त फोन घेताना पहिला प्रश्न बॅटरीचा, दुसरा आवाज मोठा आहे का हा आणि तिसरा जागेचा, कारण 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी ३२ जीबी भरायला एक गणेशोत्सव पुरतो. ६४ घ्यावी. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दुकानदाराला आनंद देतात, तेवढा त्याला देऊ द्यावा.

फाइव्ह-जीचं काय? 'आत्ता नाही घेतलात तर फोन दोन वर्षांत जुना,' अशी भीती घालतात. पण १९९५ साली सुरू झालेलं टू-जी २०२५ मध्येही काही कंपन्यांकडे नांदत होतं. फोर-जी त्याच्याआधी गुंडाळतील असं मानायला आधार नाही. शिवाय जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलची अमर्याद फाइव्ह-जी सवलत रोज दोन जीबीच्या आणि वरच्या प्लॅनवाल्यांनाच मिळू लागली. हलक्या प्लॅनवर फाइव्ह-जी फोन घेणारा मग डबा एका वर्गाचा आणि तिकीट दुसऱ्या वर्गाचं, असा टीसीपासून तोंड लपवत बसतो.

बटणांचा फोन हा अधिक मोहक पर्याय, पण त्यात खड्डे आहेत. जुना टू-जी फोन जिओच्या सिमवर चालतच नाही, कारण जिओकडे टू-जी नाही. २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेला जिओभारत चालतो, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घालता येत नाही; एकपत्नीव्रत. काय-ओएस या प्रणालीवरच्या बटणफोनांत व्हॉट्सॲप होतं, तो आधार २०२५ च्या सुरुवातीला सुटला. पैसे पाठवायला मार्च २०२२ पासून बिनस्मार्ट फोनसाठीची यूपीआय १२३पे ही सोय आहे, मात्र एसटीत कंडक्टर क्यूआर पुढे धरून उभा असताना ती आकडे दाबत पार पाडायला योग्याची शांती लागते. ज्यांना व्हॉट्सॲप नकोच, त्यांनी बटणं घ्यावीत. इतरांनी साधा फोर-जी स्मार्टफोन.

सावंतवाडी गेली, पेडणं आलं, आणि राज्य बदललं तरी नेटवर्कच्या नकाशात काहीच बदललं नाही. कारण त्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल आहे. वेगळी आहे ती मुंबई. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला हे दूरसंचार खात्याला कुणी कळवलेलं दिसत नाही, आणि १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी विलीनीकरणाला दिलेला नकारही तिथे पोचला नसावा. रोमिंगला पैसे पडत तेव्हा मुंबईकराला मडगावच काय, पुणंसुद्धा परदेश होतं. आता ती कटकट मिटली आहे, म्हणून दुकानातल्या 'देशभर रोमिंग फ्री'ला भुलून जास्त मोजू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे: वर्षाचे पैसे एकदम भरले आणि गावच्या घरात रेंजच नसली तर? नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २०११ पासून देशभर येते, पण उरलेले प्रीपेड दिवस बुडतात, आणि नव्या सिमला ९० दिवस हलता येत नाही. तेव्हा रेंजची चौकशी पैसे मोजण्याआधी करावी, तीही जाहिरातीतल्या नकाशावर नव्हे. जाड चिऱ्याच्या भिंतीआड कुठलं सिम बोलतं हे त्या वाडीलाच ठाऊक असतं. शेजाऱ्यांच्या ओटीवर चहाला बसावं आणि फोन वाजण्याची वाट पाहावी. यजमान उठून अंगण ओलांडून विहिरीच्या कठड्याशी जाऊन 'बोल, आता बोल' म्हणाले, तर ती कंपनी वगळावी आणि पुढच्या घरी जावं. एखादी काकू स्वयंपाकघरातून, फोडणी न करपवता, सुनेशी सलग वीस मिनिटं बोलताना सापडली की तिला कंपनीचं नाव विचारावं. चहा अर्थात दोन्ही घरी घ्यावा.